हॅरी पॉटरच्या ९३ वर्षं आधी लंडनमध्ये जादूचा गालिचा उडवणारी एडिथ नेस्बिट

लंडनमधला कॅम्डन टाऊन भाग. भाड्याचं साधं घर. पोरांनी दिवाळीसारखे फटाके घरातच उडवून बघितले आणि खोलीतला गालिचा जाळला. आई वैतागली आणि जवळच्या बाजारातून एक सेकंडहँड गालिचा घेऊन आली. तो उलगडला तर आतून एक अंडं निघालं. ते अंडं चुकून शेगडीत पडलं आणि त्यातून सोनेरी फिनिक्स पक्षी बाहेर आला. वर हेही कळलं की गालिचा उडतो. रोज तीन इच्छा पुऱ्या करतो.

ही गोष्ट आजच्या एखाद्या वेब सिरीजची वाटेल. पण ती १९०४ साली छापून आलीय. पुस्तकाचं नाव 'द फिनिक्स अँड द कार्पेट'.

आज अशा गोष्टींना अर्बन फॅन्टसी म्हणतात. म्हणजे काय, तर जादू आहे, पण ती दूरच्या राज्यात किंवा राक्षसाच्या गुहेत नाही. ती आपल्याच शहरात, आपल्याच गल्लीत, बस आणि रेल्वे स्टेशनच्या शेजारी घडते. हॅरी पॉटरची ट्रेन लंडनच्या खऱ्याखुऱ्या किंग्ज क्रॉस स्टेशनवरून सुटते, तोच हा प्रकार. १९९७ साली आलेल्या पहिल्या हॅरी पॉटरच्या तब्बल ९३ वर्षं आधी हा प्रयोग एका बाईने केला होता.

तिचं नाव एडिथ नेस्बिट. पुस्तकांवर मात्र ती फक्त 'ई. नेस्बिट' असं छापायची. त्यामुळे लेखक पुरुष आहे असंच कित्येकांना वाटायचं.

गंमत म्हणजे पोरांना जादूची दुनिया दाखवणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या घरात जे चालू होतं, ते कुठल्याही कादंबरीपेक्षा जास्त धक्कादायक होतं. तीच गोष्ट आज बघू.

बाप गेला आणि घर फिरतीवर निघालं

एडिथचा जन्म १५ ऑगस्ट १८५८ चा. दक्षिण लंडनमधल्या केनिंग्टनचा. वडील जॉन कॉलिस नेस्बिट हे शेतीच्या रसायनशास्त्रातले जाणकार. ते शेतकी कॉलेज चालवायचे. बरं चाललेलं घर होतं. पण एडिथ चार वर्षांचीही झाली नव्हती, तेव्हा वडील वारले.

पुढे आणखी एक संकट आलं. मोठी बहीण मेरी हिला क्षयरोग झाला. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. हवापालट करा, उबदार ठिकाणी न्या, एवढंच डॉक्टर सांगायचे. त्यामुळे आई पोरांना घेऊन गावोगाव फिरू लागली. आधी ब्रायटन, मग थेट फ्रान्स. आज या गावात, उद्या त्या गावात. एडिथच्या शाळा बदलत राहिल्या. कुठेच मुळं रुजली नाहीत.

फ्रान्समधल्या बोर्दो शहरात तिने जतन केलेली जुनी प्रेतं बघितली. त्याची भीती तिच्या मनात आयुष्यभर राहिली. मोठेपणी तिने भुताखेतांच्या कथाही लिहिल्या, त्यामागे लहानपणीच्या अशा भीतीचा वाटा होता.

एवढं फिरूनही मेरी वाचली नाही. १८७१ साली ती गेली. त्यानंतर हे कुटुंब इंग्लंडच्या केंट परगण्यात हॉलस्टेड नावाच्या गावात राहिलं. घराच्या जवळून रेल्वेची लाईन जायची. एडिथ आणि तिचे भाऊ तिथे खेळायचे. हीच लाईन पुढे तिच्या सगळ्यात गाजलेल्या 'द रेल्वे चिल्ड्रन' या पुस्तकात आली. त्या पुस्तकातल्या मुलांचा बाप अचानक घरातून नाहीसा होतो. एडिथच्या पुस्तकांत बाप असा वारंवार गैरहजर असतो. ज्या मुलीला स्वतःचा बाप जेमतेम आठवत होता, तिच्या गोष्टींत हे येणं साहजिकच होतं.

लग्न झालं, पण

१८७७ साली एडिथला ह्युबर्ट ब्लँड भेटला. वय २२, बँकेत कारकून, बोलण्यात पटाईत. २२ एप्रिल १८८० ला दोघांनी लग्न केलं. तेव्हा एडिथ सात महिन्यांची गरोदर होती. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये ही फार मोठी भानगड समजली जायची.

लग्नानंतरही ह्युबर्ट काही काळ आपल्या आईच्या घरी राहत होता. मग एडिथला कळलं की त्याचं आणखी एका मुलीवर प्रेम आहे. आपलं आणि ह्युबर्टचं लग्न ठरलंय, असं ती मुलगी समजून बसली होती. तिलाही त्याच्यापासून मूल झालं होतं.

त्यातच ह्युबर्टला देवी आल्या. त्याने ब्रश बनवण्याचा धंदा सुरू केला होता. तो आजारी असताना भागीदाराने पैसा लंपास केला आणि धंदा बुडाला.

आता घर चालवायचं कोणी? एडिथने. कडेवर मूल, हातात लेखणी. तिने ग्रीटिंग कार्डांवर चित्रं रंगवली, त्यावर चार ओळींच्या कविता लिहिल्या, मासिकांच्या ऑफिसांत खेटे घालून कथा विकल्या. लेखन हा तिचा छंद नव्हता. घरभाडं आणि किराणा त्यातूनच यायचा. पुढची तीसेक वर्षं ती याच गरजेपोटी लिहीत राहिली.

फॅबियन सोसायटी आणि भारताशी धागा

४ जानेवारी १८८४ ला लंडनमध्ये एक छोटी संघटना स्थापन झाली. फॅबियन सोसायटी. रक्तरंजित क्रांती नको, पण हळूहळू कायदे बदलून समाजवाद आणायचा, हा तिचा विचार. संस्थापकांमध्ये एडिथ आणि ह्युबर्ट दोघंही होते. ह्युबर्टने तर पुढे कित्येक वर्षं खजिनदारी सांभाळली.

ही तीच संघटना, जिच्या विचारांचा प्रभाव पुढे पंडित नेहरूंवर पडला. नंतर भारतात येऊन १९१७ साली काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या अॅनी बेझंट १८८५ मध्ये याच संघटनेत आल्या होत्या. नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ तर तिथला हुकमी वक्ता. एडिथ या शॉच्या प्रेमातही पडली होती. शॉने मात्र ते प्रकरण मैत्रीच्या पुढे जाऊ दिलं नाही.

एडिथने केस कापून आखूड केले. कंबर आवळणारे कॉर्सेट सोडून सैल झगे घातले. चारचौघांत सिगारेट ओढली. तेव्हाच्या बायकांसाठी यातली एकेक गोष्ट बंडखोरी होती. दुसरीकडे डेप्टफर्डच्या गरीब वस्तीतल्या मुलांसाठी ती दर नाताळला पार्टी करायची. खाऊ, खेळणी, कपडे, सगळं जमवायची.

पण ती सरळ रेषेतली क्रांतिकारक नव्हती. बायकांच्या मताधिकाराची चळवळ जोरात होती, तेव्हा तिने त्या चळवळीला साथ दिली नाही. नवऱ्याचाही मताधिकाराला विरोध होता. स्वतः घर पोसणारी बाई, पण या प्रश्नावर मात्र मागे राहिली. हा विरोधाभास तिच्या चरित्रकारांना आजही कोड्यात टाकतो.

एका छपराखाली दोन बायका

अॅलिस होटसन ही एडिथची मैत्रीण. १८८६ च्या सुरुवातीला एडिथला मृत मूल जन्मलं, तेव्हा अॅलिस तिच्या मदतीला आली. त्याच वर्षी अॅलिसला दिवस गेले. ती अविवाहित होती. बाळाचा बाप कोण, हे तिने सांगितलं नाही.

मैत्रिणीची बदनामी होऊ नये म्हणून एडिथने बाळाला आपलं म्हणून वाढवायचं ठरवलं. अॅलिसलाही घरात ठेवून घेतलं. मुलीचं नाव ठेवलं रोझामंड.

काही महिन्यांनी एडिथला सत्य कळलं. बाळाचा बाप तिचाच नवरा होता.

प्रचंड भांडण झालं. एडिथने अॅलिसला घराबाहेर काढायचं म्हटलं, तर ती गेली तर मीही जाईन, अशी भूमिका ह्युबर्टने घेतली. शेवटी अॅलिस राहिली. घरकाम, हिशेब, सेक्रेटरीचं काम, सगळं बघू लागली. १८९९ साली तिला ह्युबर्टपासून आणखी एक मूल झालं, मुलगा, जॉन. एडिथने त्यालाही आपलंच मूल म्हणून वाढवलं.

म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला ब्लँड दांपत्याची पाच मुलं दिसायची. पॉल, आयरिस आणि फॅबियन ही एडिथची. रोझामंड आणि जॉन ही अॅलिसची. अॅलिस स्वतःच्याच घरात स्वतःच्याच पोरांची मावशी होऊन राहत होती. आणि या सगळ्या घराचा मोठा खर्च एडिथच्या लेखणीतून भागत होता.

नाव झालं आणि पाठोपाठ घाव बसला

१८९९ साली एडिथचं नशीब पालटलं. 'द स्टोरी ऑफ द ट्रेझर सीकर्स' आलं. आई नसलेली सहा भावंडं बापाची पैशाची अडचण दूर करायला खजिना शोधतात, अशी ती गोष्ट. तोवर मुलांच्या पुस्तकांत शहाणीसुरती, उपदेश ऐकणारी मुलं असायची. एडिथची मुलं भांडायची, खोटं बोलायची, फजिती करून घ्यायची. वाचकांना ती खरी वाटली.

याच वर्षी हे कुटुंब एल्थममधल्या वेल हॉल नावाच्या मोठ्या घरात राहायला गेलं. जुनी वास्तू, भोवती पाण्याचा खंदक. लेखक, कलाकार, राजकारणी यांचा तिथे राबता सुरू झाला.

आणि ऑक्टोबर १९०० मध्ये घात झाला. १५ वर्षांच्या फॅबियनचं घशाचं छोटं ऑपरेशन होतं. तेव्हाच्या रीतीप्रमाणे ते घरीच करायचं ठरलं. डॉक्टरांनी भूल दिली, ऑपरेशन केलं. फॅबियन भुलीतून परत उठलाच नाही.

एडिथ कोसळली. पुढच्या वर्षी आलेलं 'द वुडबीगुड्स' हे पुस्तक तिने फॅबियनला अर्पण केलं.

पण घर थांबत नव्हतं. मासिकांच्या तारखा थांबत नव्हत्या. तिने पुन्हा लिहायला घेतलं.

वाळूतला प्राणी आणि फसलेल्या इच्छा

शेरलॉक होम्सच्या कथा ज्या मासिकात यायच्या ते 'स्ट्रँड मॅगझिन' तुम्हाला माहीत असेल. एप्रिल १९०२ मध्ये त्यात 'हाऊंड ऑफ द बास्करव्हिल्स' संपली आणि त्याच महिन्यात एडिथची नवी मालिका सुरू झाली. तीच पुढे 'फाईव्ह चिल्ड्रन अँड इट' या नावाने पुस्तक म्हणून आली.

सिरिल, अँथिया, रॉबर्ट, जेन ही चार भावंडं आणि त्यांचा लहानगा भाऊ. या बाळाला सगळे लाडाने कोकरू म्हणतात. खडीच्या खाणीत खेळताना त्यांना हजारो वर्षांचा एक प्राणी सापडतो. नाव सॅमीड. डोळे गोगलगायीसारखे लांब शिंगांवर, कान वटवाघळाचे, हातपाय माकडाचे, अंगावर केस. आणि स्वभाव म्हणाल तर एकदम खडूस.

हा सॅमीड रोज एक इच्छा पुरी करतो. सूर्य मावळला की जादू संपते. आणि प्रत्येक इच्छा पोरांच्या अंगलट येते.

सुंदर व्हायचं मागितलं, तर बाळाने ओळखलं नाही आणि मोलकरणीने घरात घेतलं नाही. पोरं दिवसभर उपाशी. सोनं मागितलं, तर इतकी जुनी नाणी मिळाली की दुकानदार घेईनात, उलट पोलीस मागे लागले. पंख मागितले, तर चर्चच्या उंच मनोऱ्यावर झोप लागली आणि सूर्य मावळला. बाळ सगळ्यांना हवंहवंसं वाटावं असं चुकून तोंडातून गेलं, तर वाटेत भेटेल तो माणूस बाळ पळवायला बघू लागला.

यातलं कोकरू म्हणजे जॉन. अॅलिसचा मुलगा, एडिथने वाढवलेला. पुस्तक त्यालाच अर्पण केलंय. नवऱ्याच्या फसवणुकीतून जन्मलेल्या पोराला एडिथने आपल्या पुस्तकात सगळ्यांचं लाडकं बाळ केलं. तिच्या स्वभावाबद्दल यातून बरंच कळतं.

लंडनच्या रस्त्यावर जादू

१९०४ च्या 'फिनिक्स अँड द कार्पेट' मध्ये तीच भावंडं परत आली. यावेळी थेट लंडनमध्ये. एडिथचा विनोद इथे सगळ्यात जास्त रंगला. फिनिक्स नावाची एक खरोखरची विमा कंपनी लंडनमध्ये होती, आगीचा विमा उतरवणारी. पुस्तकातला पक्षी तिच्या ऑफिसला आपलं मंदिरच समजतो आणि तिथे जाऊन मानपान करून घेतो. एकदा गालिचा घरात १९९ पर्शियन मांजरं आणून सोडतो. त्यांच्या दुधासाठी गाय येते. आणि ती गाय पिळतो कोण, तर घरात शिरलेला चोर. एका सफरीत गालिचा पोरांना भारतातही घेऊन जातो.

१९०६ साली तिसरा भाग आला, 'द स्टोरी ऑफ द अॅम्युलेट'. अॅम्युलेट म्हणजे ताईत. हा जादूचा ताईत हातात आला की मुलं काळाच्या मागेपुढे जाऊ शकतात. इजिप्त, बॅबिलोन, सगळीकडे. त्यासाठी एडिथने ब्रिटिश म्युझियममधले इजिप्तचे अभ्यासक वॉलिस बज यांची मदत घेतली आणि पुस्तक त्यांनाच अर्पण केलं. मुलांच्या पुस्तकात काळप्रवास आणणाऱ्या अगदी सुरुवातीच्या कादंबऱ्यांमध्ये हिचं नाव घेतलं जातं.

पण खरी कमाल वेगळीच आहे. यात बॅबिलोनची राणी लंडनमध्ये येते. रस्त्यावरचे थकलेले, फाटके कामगार बघते आणि तिला वाटतं, हे इथले गुलाम असणार. गुलामांना इतकं वाईट कसं ठेवता, असं ती विचारते. हे गुलाम नाहीत, मतदार आहेत, हे तिला समजावताना पोरांची पंचाईत होते. फॅबियन सोसायटीच्या पत्रकांत जे लिहिलं जायचं, तेच एडिथने एका परीकथेत घालून मुलांपर्यंत पोचवलं. पुढे मुलं भविष्यातल्या स्वच्छ, सुखी लंडनमध्येही जातात. तिथे त्यांना वेल्स नावाचा मुलगा भेटतो. एका मोठ्या सुधारकाच्या नावावरून त्याचं नाव ठेवलेलं असतं.

इशारा एच. जी. वेल्सकडे होता. 'टाईम मशीन' लिहिणारा वेल्स तेव्हा एडिथचा मित्र होता. पण ही मैत्री टिकली नाही. दोनच वर्षांत वेल्स आणि रोझामंडचं प्रकरण सुरू झालं. दोघं पळून जाताना ह्युबर्टने त्यांना पॅडिंग्टन स्टेशनवर गाठलं, असं सांगितलं जातं. ज्याने आयुष्यभर तेच केलं, तो बाप म्हणून मात्र चवताळला होता.

शेवटची वर्षं

ह्युबर्टची दृष्टी गेली आणि एप्रिल १९१४ मध्ये तो वारला. काही महिन्यांत पहिलं महायुद्ध सुरू झालं. पुस्तकांची कमाई आटली. १९१५ पासून सरकारने तिला वर्षाला ६० पौंडांचं पेन्शन सुरू केलं, पण तेवढ्यात भागत नव्हतं. एकेकाळी जिथे पार्ट्या झडायच्या त्या वेल हॉलमध्ये एडिथने पैसे घेऊन पाहुणे ठेवले, भाजीपाला आणि अंडी विकली.

१९१७ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी, तिने दुसरं लग्न केलं. नवरा थॉमस टकर, वुलिच फेरीबोटीवर काम करणारा साधा माणूस. ना साहित्यिक, ना विचारवंत. तिच्या काही जवळच्या लोकांना हे पसंत पडलं नाही. पण त्याने तिला जपलं. पहिल्या लग्नात न मिळालेला निवांतपणा तिला इथे मिळाला.

वेल हॉल सोडून दोघं केंटच्या समुद्रकिनाऱ्याजवळ दोन जुन्या बराकी जोडून केलेल्या घरात राहायला गेले. आयुष्यभर ओढलेल्या सिगारेटने छाती पोखरली होती. ४ मे १९२४ ला एडिथ गेली. सेंट मेरी इन द मार्श या गावच्या चर्चच्या आवारात तिला पुरलं. थाटाचा संगमरवरी दगड नाही. टकरने स्वतःच्या हाताने तयार केलेली लाकडी खूण तेवढी तिच्या थडग्यावर लागली.

मग तिचं काय उरलं?

तर तिच्यानंतर आलेल्या जवळपास प्रत्येक जादुई मालिकेत तिचा हात आहे. 'नार्निया' लिहिणारा सी. एस. लुईस लहानपणी तिची पुस्तकं वाचून वाढला. नार्नियात मुलं कपाटातून दुसऱ्या जगात जातात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण कपाटातून जादूच्या जगात जाणाऱ्या मुलीची एक कथा एडिथने त्याच्या कितीतरी वर्षं आधी लिहिली होती. जे. के. रोलिंगनेही आपल्याला सगळ्यात जवळची वाटणारी लेखिका म्हणून तिचं नाव घेतलंय.

आणि तिने घालून दिलेला एक नियम आजही फॅन्टसीवाले पाळतात. जादू फुकट नसते. काही मागितलं की त्याची किंमत मोजावी लागते, आणि सूर्य मावळला की ज्याचं त्याला निस्तरावं लागतं. ४ वर्षांची होण्याआधीच बाप, ४२ व्या वर्षी मुलगा आणि मधल्या सगळ्या काळात नवऱ्यावरचा विश्वास गमावलेल्या बाईला हा नियम कुठल्या पुस्तकातून शिकावा लागला नव्हता.

तरीही तिच्या पुस्तकांत रडगाणं नाही. फजिती झाली की पोरं हसतात, एकमेकांना सांभाळून घेतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सॅमीडला शोधायला निघतात. तिची पुस्तकं आजही छापली जातात. पुढच्या वेळी एखाद्या सिरीजमध्ये ओळखीच्या शहरात अचानक जादू सुरू झाली, तर कॅम्डन टाऊनमधल्या त्या सेकंडहँड गालिच्याची आठवण ठेवा.